झोपेची प्रतवारी

तान्ह्या मुलांच्या झोपेविषयी माझ्या मामांना जेवढे कळत होते तेवढे आरमोरीतल्या एकाही आईला कळत नव्हते, असे मी आजही छातीठोकपणे सांगेन. मामांना स्वतःचे मूल नव्हते. लग्नच नव्हते. एकोणतीस वर्षे त्यांनी जंगल खात्याच्या लाकूड डेपोत कारकुनी केली. पुढ्यात येणारा प्रत्येक ओंडका मोजायचा, ठोकून पाहायचा, त्याच्या बुडावर नंबर टाकायचा आणि प्रत ठरवायची, हे त्यांचे काम. निवृत्त झाले तेव्हा ते एक खिशातले घड्याळ, एक मोजपट्टी आणि ही सवय घेऊन आरमोरीला आले. तिथे त्यांचे पडवी असलेले छोटे घर होते. आता मोजायला, ठोकायला आणि प्रत ठरवायला लाकूड नव्हते, म्हणून त्यांनी मुले घेतली. हे वाक्य थट्टेचे वाटेल, पण पन्नासच्या दशकात जे घडले ते जवळपास असेच घडले.

सुरुवात समोरच्या घरापासून झाली. आमच्या भागात धानाची रोवणी सुरू झाली की बायका सकाळी चिखलात उतरतात त्या दिवेलागणीलाच बाहेर येतात. घरी तान्हे मूल असले तर त्याचे काय करायचे याची व्यवस्था त्या काळी ठरलेली होती. मोहरीएवढी अफूची गोळी मुलाच्या जिभेखाली ठेवायची, झोळीत घालायचे आणि म्हाताऱ्या सासूला सांगून निघायचे. मूल दिवसभर निजे. गोळी देणाऱ्या बाईला कोणी वाईट म्हणत नसे. तिच्या आईने तिलाही तीच दिली होती. मामांनी मात्र समोरच्या झोळीतल्या मुलाकडे घड्याळ लावून पाहिले. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत ते मूल एकदाही कुशीवर वळले नाही. मामांनी जाऊन त्याच्या तळपायाला टिचकी मारली. पाय जागचा हलला नाही. मुलाची आई परतल्यावर ते तिला म्हणाले, ‘‘बाई, ही झोप पोकळ आहे. वरून साबूत दिसते, आत काही नाही.’’

पोकळ ओंडका घणाने ठोकला की वेगळा वाजतो, तसे काहीसे त्यांना म्हणायचे होते. बाईने ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी दिली. तेव्हा मामांनी गल्लीत जाहीर केले की रोवणी संपेपर्यंत मुले माझ्या पडवीत आणून टाका, मी सांभाळतो. अट एकच, गोळी द्यायची नाही. बायका हसून हसून दमल्या. एकीने विचारले, ‘‘भाऊ, भूक लागली तं काय सागाची साल चाटवता का जी?’’ दुसरी म्हणाली, ‘‘आमच्या घरच्या माणसाले आपलं पोट्टं कोनतं ते वळखू येत नाई, अन् हे अकरा सांभाळून राह्यले!’’ पण पावसाने जोर धरला, रोवणीला हात कमी पडू लागले, आणि एकेक करून झोळ्या आल्या. त्या हंगामात खरोखरच अकरा मुले झाली. चालत्या मुलांसाठी मामांनी अंगणात जाड फाट्यांचे कुंपण घातले होते. बायकांनी त्याला कोंडवाडा हे नाव दिले. संध्याकाळी गल्लीत ऐकू येई, ‘‘चाल वो, पोट्टं सोडवून आनू कोंडवाड्यातून.’’

मामांची पद्धत डेपोचीच होती. मूल दारात आले की त्याच्या तळपायावर गेरूने नंबर पडे. रडणाऱ्या मुलाला नाव सांगता येत नाही, नंबर मात्र दुरून वाचता येतो, असे त्यांचे म्हणणे. आया संध्याकाळी नंबर घासून काढत, मामा सकाळी तो पुन्हा टाकत. संपूर्ण हंगामात या मुद्द्यावर दोन्ही पक्षांनी माघार घेतली नाही. मुलांची लांबी आणि घेर मोजण्याचाही त्यांनी एकदा प्रयत्न केला. मोजल्याने मूल खंगते म्हणून बायकांनी आरडाओरडा केला, तेव्हा त्यांनी मुलासकट झोळी मोजली आणि कापडाची जाडी वजा केली. सगळ्या झोळ्या पडवीच्या मयालीला, म्हणजे आडव्या तुळईला, टांगलेल्या होत्या आणि एका दोरीने अशा जोडलेल्या होत्या की खुर्चीत बसून दोरी ओढली की सगळ्या एकदम हलत. एकदा शेजाऱ्याच्या शेळीने त्या दोरीचे टोक चघळायला घेतले. चार-पाच मिनिटे अकराच्या अकरा मुले शेळीच्या तालावर झुलत होती. मामांनी शेळीला हाकलले नाही. घड्याळ काढून ते पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘माझ्यापेक्षा हिचा हात हलका आहे.’’

अंगाईगीत त्यांना एकही येत नव्हते. ते एका सुरात झाडांची नावे म्हणत. साग, बिजा, ऐन, हळदू, शिवण, धावडा, तेंदू, मोह. यादी कळंबापर्यंत जाई आणि पुन्हा सागावर येई. तिसऱ्या फेरीच्या आत निम्मी मुले निजत. त्या वर्षी गल्लीतले एक मूल ‘आई’च्या आधी ‘बिजा’ म्हणायला शिकले आणि त्याच्या आईने मामांशी दोन दिवस अबोला धरला. एकदा विकास योजनेच्या कामावरची एक तरुण शिक्षिका सायकलवरून पाहणीला आली. तिने मुले, झोळ्या, कुंपण पाहिले आणि कौतुकाने विचारले, ‘‘मामा, याला बालवाडी म्हणून पाटी लावू या का?’’ मामा म्हणाले, ‘‘वाडीत काहीतरी उगवावं लागतं. इथं माल येतो, दिवसभर राहतो, संध्याकाळी जातो. डेपो म्हणा.’’ मुलांना गाणी, खेळ काय शिकवता, असे तिने विचारले. ‘‘निजायला शिकवतो,’’ मामा म्हणाले. ‘‘बाकीचं त्यांना जन्मभर येणारच आहे.’’

मी त्या वर्षी विषमज्वरातून उठून हवापालटासाठी त्यांच्याकडे गेलो होतो. नागपूरच्या ज्या वर्तमानपत्रात मी बातमीदार होतो त्याच्या कचेरीने दोन महिन्यांची रजा दिली होती. पडवीच्या कोपऱ्यात बाजेवर पडून मी हे सारे पाहत असे, त्यामुळे पुढचे मी ऐकीव सांगत नाही.

सकाळची तपासणी ठरलेली होती. आई मुलाला घेऊन दारात उभी राही. मामा मुलाच्या तळपायाला टिचकी मारत. मुलाने पाय झटकन ओढून घेतला तर ते आत घेतले जाई. पाय सुस्त राहिला तर मामा मूल परत करत आणि त्या बाईची रोवणी बुडे. शिव्या बसत, पण ते बधत नसत. तपासणी झाल्यावर आया पडवीमागे बसून मुलांना अंगावर पाजत आणि मग शेतावर जात. आधी पाजणे आणि मग तपासणी असा क्रम सुरुवातीला होता. पण पोट भरलेले मूल तसेही सुस्त होते आणि टिचकीचा निकाल चुकतो, हे लक्षात आल्यावर मामांनी स्वतःच तो क्रम उलटा केला. हे त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितले होते.

आणि पाटी होती. दगडी पाटीवर मामा रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या झोपांची प्रतवारी लिहीत. वर उत्तम, मध्ये मध्यम, खाली कनिष्ठ. गुडघ्यापर्यंत चिखल लागलेल्या बायका अंगणात उभ्या राहत आणि मामा नावे मोठ्याने वाचत. वाचता एकीलाही येत नव्हते. पण आपल्या मुलाचे नाव पाटीवर कुठे आहे हे त्या आठवड्याभरात ओळखू लागल्या. शाळेचा निकाल लागावा तशी तिथे शांतता पसरे. ‘‘भाऊ, माहा तं दोन घंटे निजला म्हन्ता, मंग मधात काऊन टाकला?’’ असे कोणी विचारले की मामा सांगत, ‘‘सव्वा अकराला त्यानं एक डोळा उघडला होता.’’ त्यावर अपील नव्हते. उत्तमवाली बाई त्या दिवशी रस्त्याने जाताना मुलाला डाव्या कडेवरून उजव्या कडेवर घेई, म्हणजे लोकांना दिसावे.

गिरजाची मुलगी मात्र रोज खालच्या ओळीत. गिरजा नदीवर मासेमारी करणाऱ्या घरातली, विशीतली. घरचा माणूस जाळे घेऊन गेला की ती रोवणीला जाई. गोळी सोडायला सगळ्यांत आधी तयार झाली ती हीच, आणि तेही सासूशी भांडून. मुलगी दहा महिन्यांची होती. जन्मापासूनची गोळी तुटल्यावर तिने पंधरा दिवस पडवी डोक्यावर घेतली. नाक वाहे, पोट बिघडे, हातपाय थरथरत. त्यानंतर प्रकृती सुधारली, पण झोप आली नाही. मामा तिला सकाळी खांद्यावर घेत ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवत नसत. पेज ढवळतानाही ती खांद्यावर, दोरी ओढतानाही खांद्यावर. त्यांच्या सदऱ्यावर डाव्या बाजूला तिच्या लाळेचा कायमचा डाग पडला होता. ती त्यांची सर्वांत लाडकी होती हे गल्लीतल्या शेळीलाही कळत होते. पण संध्याकाळी पाटी हातात घेतली की ते तिचे नाव तळाशी लिहीत. ‘‘झोप पाऊण तास,’’ ते वाचत. ‘‘कनिष्ठ.’’ मी एकदा म्हणालो, ‘‘मामा, एक दिवस मध्यम लिहा. कोणाचं काय बिघडतं?’’ ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी बनावट परवाना मागितला होता. गिरजाची सासू रस्त्यावरून ऐके आणि म्हणे, ‘‘घ्या! गोळी सोडून काय भेटलं? पाटीवरबी बुडाशीच.’’ गिरजा मुलीला कडेवर घेऊन मान खाली घालून जाई.

श्रावणातल्या एका सकाळी मुलीची टिचकी उत्तम झाली. तिने पाय ओढला, वर मामांच्या मिशीलाही हात घातला. गिरजा तिला पाजून घाईने निघून गेली. थोड्या वेळाने मामांनी मुलीला खांद्यावर घेतले, झाडांची यादी सुरू केली आणि ती धावड्यापर्यंत पोचण्याआधी मुलगी निजली. मामांना खरे वाटेना. त्यांनी तिला हळूच झोळीत ठेवले, तरी उठली नाही. मग त्यांचा जो आनंद सुरू झाला तो मी विसरलेलो नाही. त्यांनी तोंडावर बोट ठेवून कुंपणातल्या मुलांना दटावले. मला खुणेने गल्लीच्या तोंडाशी पाठवले आणि तिकडून येणारी बैलगाडी दुसऱ्या रस्त्याने वळवायला लावली. शेळीला तर त्यांनी स्वतः नेऊन लांब बांधले. पेजेची वेळ झाली तेव्हा मी म्हणालो, ‘‘हिला उठवू का?’’ मामा पुटपुटले, ‘‘हात लावू नको. कमावलेली झोप आहे ती.’’ दुपारी बाराला त्यांनी नियम मोडला. संध्याकाळची वाट न पाहता पाटी काढली आणि सगळ्यांत वर मुलीचे नाव लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा मोठे होते.

दोन वाजण्याच्या सुमारास मला तिच्या ओठावर माशी बसलेली दिसली. माशी चालत नाकापर्यंत गेली. मुलीने तोंड हलवले नाही. मी मामांना हाक मारली. ते उठले, झोळीपाशी आले आणि त्यांनी तळपायाला टिचकी मारली. मग दुसरी मारली. मग सगळा तळवा हातात धरून चोळला.

सरकारी दवाखाना अर्धा मैल दूर होता. साठी ओलांडलेला तो माणूस पावसाच्या चिखलातून मुलीला घेऊन धावत गेला. मी बाकीच्या दहा मुलांपाशी थांबलो. शेजारीण आल्यावर मागोमाग गेलो. डॉक्टरांनी मुलीची पापणी उघडून दाखवली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. ‘‘अफू,’’ ते म्हणाले. त्यांनी जे करता येण्यासारखे होते ते सगळे केले आणि बराच वेळ केले. पावणेपाचला मुलीचा श्वास थांबला. तोवर कोणीतरी गिरजाला शेतावरून आणले होते. तिच्या हातात धानाच्या पऱ्ह्यांची, रोवायच्या रोपांची, एक जुडी तशीच होती.

मामा तिला म्हणाले, ‘‘बाई, मी सकाळी तपासली होती.’’

‘‘तुमी तपासल्यावर दिली जी,’’ गिरजा म्हणाली. ‘‘पाजताना. अंगाले लावून.’’

‘‘काऊन?’’ मामा एरवी आमच्या बोलीत बोलत नसत. कारकुनीने त्यांची भाषा शुद्ध केली होती. तेवढा एक शब्द त्या दिवशी निघाला.

गिरजाने हातातली जुडी जमिनीवर ठेवली. मग म्हणाली, ‘‘तिचं नाव कधीच वरतं नाई आलं, भाऊ. साऱ्याइच्या लेकराइचं येते. एक दिस यावं वाटलं मले.’’

दाराशी उभी असलेली सासू रडत रडत म्हणाली, ‘‘रोजची सवय अस्ती तं पचली अस्ती. सवय मोडली अन् मंग एकदम जुनीच गोळी देल्ली.’’ डॉक्टरांनी मान हलवली. म्हातारीचे म्हणणे बरोबर होते. मामांनी तेही ऐकले.

आम्ही घरी आलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. पाटी भिंतीला टेकून उभी होती. ती मी ओल्या फडक्याने पुसली. मामा पाहत होते. त्यांना कोणीही दोष दिला नाही. गोळीने मूल जाणे ही त्या गल्लीत नवी गोष्ट नव्हती आणि रोवणी अजून अर्धी बाकी होती. माझी रजा संपली आणि मी नागपूरला परतलो. या घटनेची बातमी मी दिली नाही. ती कोणत्या सदरात द्यावी हे मला ठरवता आले नाही.

पुढच्या पावसाळ्यात बायकांनी मुले पुन्हा आणली आणि मामांनी ती घेतली. नंबर होते, झोळ्या होत्या, झाडांची यादी होती. पाटी नव्हती. तपासणी आता दोनदा होई, पाजण्याआधी आणि पाजल्यावर. पण मामांची तऱ्हा बदलली होती. कोणतेही मूल निजले की ते घड्याळ समोर ठेवत आणि दर पंधरा मिनिटांनी त्याला उठवत. टिचकी मारत, मूल दचकून जागे होई, रडे, आणि मामांचा चेहरा सैल पडे. मग ते त्याला पुन्हा निजवायला घेत. अख्ख्या तालुक्यात निजवण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, ते मामा आता कोणालाच निजू देत नव्हते. संध्याकाळी आयांना किरकिरी, लाल डोळ्यांची मुले मिळत. ‘‘भाऊ, थोडं निजू देत जा नं जी,’’ बायका विनवत. ‘‘घरी येऊन आमाले खाऊन राह्यले हे.’’ मामा म्हणत, ‘‘रडतंय ना? मग चांगलं आहे.’’ अकराची सात झाली, सातांची चार. उरलेल्या बायका कुठे काय करत असतील हे मामांना माहीत होते. संध्याकाळी ते गल्लीतून फिरत आणि लोकांच्या दारांवरून हळू चालत, आतून रडणे ऐकू येते का ते पाहत.

त्याच्या पुढच्या वर्षी मी चार दिवसांसाठी गेलो. पडवीत तीनच झोळ्या होत्या. सकाळी तिन्ही मुले आत घेऊन झाल्यावर गिरजा आली. तिच्या हातात तीन महिन्यांचा मुलगा होता. दोन वर्षांत ती त्या पडवीकडे फिरकली नव्हती. मामा उभे राहिले. त्यांनी गेरू घेतला नाही, टिचकीही मारली नाही.

‘‘याले निजवा, भाऊ,’’ ती म्हणाली.

‘‘मी निजू देत नाही बाई आता. तुला कोणी सांगितलं असेल.’’

‘‘सांगतलं. म्हून तं रोवणीले नाई गेलो.’’ ती खांबाशी बसली. ‘‘मी इथीच बसून राह्यतो. तुमी निजवा, मी पाह्यतो. गोळी नाई देल्ली. माह्या पोराची आन.’’

मामांनी मुलगा घेतला आणि डाव्या खांद्यावर टाकला. साग, बिजा, ऐन अशी त्यांनी सुरुवात केली. आवाज पूर्वीसारखा एकसुरी राहत नव्हता, मध्येच तुटत होता. हळदूच्या पुढे त्यांना नाव आठवेना. गिरजाने ते सांगितले. मुलगा निजला. मामांनी सवयीने घड्याळाकडे हात नेला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘राहू द्या. त्याचं पोट हालून राह्यलं, मले दिसते.’’ तिने मुलाला त्यांच्या खांद्यावरून उतरवू दिले नाही.

थोड्या वेळाने रस्त्यावरून बायांची रांग चालली. एकीने हाक दिली, ‘‘गिरजे, रोवणीले बांधीत नाई येत काय वो?’’ गिरजाने तिला हाताने गप्प केले आणि खुर्चीकडे बोट दाखवले. मुलाला खांद्यावर तसेच धरून मामांनी मान मागे टाकली होती आणि उघड्या तोंडाने ते हलके घोरत होते. रस्त्यावरच्या बायका पाऊल न वाजवता पुढे गेल्या. गिरजा खांबाशी बसून पदराने माशा हाकत होती; एकदा मुलाच्या तोंडावरून, एकदा मामांच्या.